काळा हलवू नका

आज सकाळी पाणी आलं, मोटर चालू केली आणि मामांची आठवण झाली. सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडं पाणी रोज कुठं येतं, चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की माणूस असेल तिथून घरी पळतो. आमच्या नवी पेठेतल्या पूल पार्लरमध्ये, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल पॉकेटात घालायच्या खेळाच्या अड्ड्यावर, चालू गेम सोडायला हे एकच कारण चालायचं. बाकी बायको चिडली, साहेबाचा फोन आला, काही सांगा, गेम सोडला म्हणजे हरला आणि टेबलचे पैसे त्यानंच द्यायचे.

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. पूर्व भागात लूमवर कामाला, पाळी सुटली की सरळ इकडं, केसात कापूस तसाच. रॅकमधला एकेक क्यू, म्हणजे खेळायची काठी, काढून टेबलवर लाटण्यासारखा फिरवून बघायचे, जो डुगडुगणार नाही तो घ्यायचे. बँक शॉट, म्हणजे कडेच्या रबरावर आपटवून बॉल घालायचा, तो मात्र असा मारायचे की बास. मी जोर लावला की म्हणायचे, "हळू मार की बे, जोरात मारल्यावर रबर दबतं आणि बॉल आखूड येतो." मला वाटायचं उगी सांगतायत, पण खरंच तसं होतं, आजपण माझा चुकतो तो त्याच्यामुळंच. पावसाळ्यात कापड ओल धरतं, बॉल जड पळतो, तेव्हा किती जोर वाढवायचा हे पण त्यांनीच दाखवलं.

दुसरे बँकवाले काका. आयुष्यभर बँकेत असून त्यांना बँक शॉट जमला नाही, हा जोक आम्ही हजार वेळा केला असेल. खेळ यथातथा पण माहिती विचारा. पूलचाच भाऊबंद स्नूकर आपल्याच देशात जबलपूरला 1875 ला इंग्रज अफसरांनी काढला हे मला त्यांच्याकडून कळलं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स तर त्यांचं दैवत, 1958 ला कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, 1964 ला परत एकदा. 2003 ला जोन्स गेले तेव्हा काकांनी सगळी टेबलं थांबवून आम्हाला दोन मिनिटं उभं केलं होतं, निम्म्या पोरांना कोण गेलंय तेच माहिती नाही, मागं कोणतरी फिस्सकन हसलं पण. काका 2021 ला दुसऱ्या लाटेत गेले. पार्लरला कुलूप, आम्ही आपापल्या घरात.

अजून एक होता, आमच्याच वयाचा, ब्रेक, म्हणजे गेमचा पहिला फटका, असा मारायचा की एकदा बॉल उडून ट्यूबलाइट फुटली. गाडीवर गेला बिचारा. त्याच्याबद्दल नंतर कधीतरी, आज नाही होणार.

मामांचं पूर्ण नाव मला चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कळलं. पंधरा वर्षं एका टेबलावर खेळलो आणि आडनाव कधी विचारलं नाही, त्यांनी पण माझं विचारलं नव्हतं.

त्या दिवशी माझे सगळे स्ट्राइप, म्हणजे पट्टेवाले बॉल, संपलेले, शेवटचा काळा घातला की मी जिंकलो, त्यांचे दोन सॉलिड, म्हणजे एकरंगी, बाकी आणि त्यांच्या घरून फोन, पाणी आलंय. मी म्हणलं, "मामा, तुम्ही हरायला लागलं की बरं पाणी येतं ओ तुमच्याकडं!" ते चप्पल घालत म्हणाले, "आलोच बे भरून, काळा हलवू नका." आणि गेले. तिसऱ्या मजल्यावर घागरी नेताना जिन्यातच बसले म्हणे.

आम्हाला काय माहिती. मालकानं अकरापर्यंत ते टेबल कुणाला दिलं नाही. काळा मधल्या पॉकेटच्या तोंडाशी होता, फुंकर मारली असती तरी पडला असता, आणि चान्स माझा होता.