न्गाम्बा बेटावर एक रात्र: चिंपांझी, आई आणि उशिरा सुटलेली बोट

माझा दादा गेली चार वर्षं युगांडात, कंपालाला नोकरीला आहे, दर फोनला "या की एकदा" चालूच असतं, शेवटी यंदा जानेवारीत मी, नवरा आणि आई असे तिघं जाऊन आलो. बाकी युगांडाचं नंतर कधीतरी लिहीन, आधी न्गाम्बाचं लिहिते, कारण जायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं आणि काहीच मिळालं नाही, आणि मग ज्या चुका टाळता आल्या असत्या त्या सगळ्या आम्ही केल्या.

न्गाम्बा म्हणजे व्हिक्टोरिया तळ्यातलं एक छोटंसं बेट, एंटेबे ह्या विमानतळाच्या गावापासून साधारण २३ किलोमीटरवर. तळं म्हणायचं पण पलीकडचा काठ दिसत नाही, समुद्रच वाटतो, फक्त खारट वास नाही. बेट १०० एकराच्या आसपास, त्यातलं जवळजवळ सगळं जंगल चिंपांझींचं आणि एका कोपऱ्यात विजेच्या कुंपणाच्या अलीकडे माणसांचा कॅम्प. १९९८ च्या ऑक्टोबरात १९ चिंपांझींपासून सुरुवात झाली, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांची संस्था आणि आणखी काही प्राणीसंस्था मिळून, आता पन्नासच्या आसपास आहेत. सगळे सोडवून आणलेले, कोणी शिकाऱ्यांच्या तावडीतून, कोणी चोरून विकायला नेताना सीमेवर पकडलेला, कोणी कुणाच्या घरी साखळीला बांधलेला. बेटच का, तर चिंपांझींना पोहता येत नाही. चारी बाजूंनी पाणी म्हणजे आयतंच कुंपण, आणि शिकारीही सहज पोचत नाहीत.

आता आईबद्दल. आई राजापूरची. आमच्या बागेत गेली पंधरा-वीस वर्षं माकडांनी असा उच्छाद मांडलाय की नारळ कोवळे असतानाच खाली, फणसाला टोचे मारून टाकून देतात, केळी तर लावायचीच सोडली. त्यामुळे "आपण चिंपांझी बघायला जायचंय" म्हटल्यावर आईचं पहिलं वाक्य, "पैसे देऊन माकडं बघायला जायचंय? राजापुरात चला, फुकट दाखवते." वानर आणि माकड वेगळे, चिंपांझी तर ह्या दोघांतलाही नाही, त्याला शेपूटच नसते, हे सगळं मी विमानात समजावलं. ती हूं हूं म्हणाली आणि झोपली.

आधी तयारीचं, कारण इथे गडबड केलीत तर पुढचं सगळं बोंबलेल. यलो फीव्हरची लस पाहिजेच, त्याशिवाय युगांडात घेत नाहीत, आणि परत येताना आपल्या एअरपोर्टवर तर जास्तच कडक, कार्ड नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांवर, तिथे ठरावीक वार आणि नंबर असतात, आणि कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे तिकीट काढलं की पहिलं काम हे. एकदा घेतली की जन्मभर चालते. पण ६० च्या वरच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोलून घ्या, त्या वयात ह्या लसीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. आई ६७ ची, तर तिच्या डॉक्टरांनी बीपी, जुनी औषधं सगळं तपासून मगच हो म्हटलं. मलेरियाच्या गोळ्या पण घ्या, कंटाळा करू नका. व्हिसा ऑनलाइन निघतो, साधा टुरिस्ट ५० डॉलर. डॉलर नेताना नव्या छपाईच्या कोऱ्या नोटा न्या, जुन्या किंवा चुरगळलेल्या नोटांना तिथे भाव कमी देतात, कधी कधी घेतच नाहीत. मुंबईहून एंटेबेला थेट फ्लाइट २०२३ पासून आहे, आम्ही तीच घेतली.

आता बोट. बेटावर चिंपांझींना खायला घालताना बघायच्या दोन वेळा आहेत, सकाळी ११ आणि दुपारी २:३०. स्पीडबोटीने पाऊण-एक तास लागतो, साध्या इंजिनाच्या लाकडी होडीने दीड तासाच्या वर. आम्ही काय केलं, तर दादाच्या ओळखीतल्या एकाकडून बोट ठरवली, थोडी स्वस्त पडत होती म्हणून. त्याने ८:३० सांगितलं. ८:३० ला आम्ही हजर, बोट हजर, चालवणारा गायब. मग तो आला तर पेट्रोल गायब. असं करत करत १०:२० ला निघालो, म्हणजे ११ चं गेलंच. दादा भडकला, तो माणूस शांतपणे "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" करतोय. तर माझं ऐका, बोट सॅंक्च्युअरी चालवणाऱ्या ट्रस्टकडूनच बुक करा, किंवा निदान नीट नावारूपाच्या ऑपरेटरकडून, दोन पैसे जास्त गेले तरी. भाडं बहुतेक पूर्ण बोटीचं असतं, त्यामुळे दोघंच असाल तर अंगावर येतं, सहा-आठ जण जमले तर बरं पडतं. हॉस्टेलमध्ये कोणी सोबत मिळतं का बघा.

आम्ही वाचलो ते एकाच कारणाने, आम्ही रात्रीचा मुक्काम घेतला होता. ह्यावरून नवऱ्याशी घरी भांडण झालं होतं, त्याचं म्हणणं तीन तासांत बघून होतं की, टेंटचे एवढे पैसे कशाला. आता तोच सगळ्यांना सांगत फिरतो की राहा म्हणून.

बोटीत वाटेत विषुववृत्त लागतं. म्हणजे लागतं असं काही नाही, पाण्यावर रेघ थोडीच मारलेली असते, बोटवाला इंजिन हळू करतो आणि जीपीएसवर शून्य दाखवतो. आईने लाइफ जॅकेटवरून पदर खोचला आणि हात जोडले, विषुववृत्ताला की बोट बुडू नये म्हणून ते विचारलं नाही. जाताना लांब पाण्यावर धुराचे खांब दिसले, मला वाटलं कुठेतरी आग लागलीय, तर ते माश्यांचे थवे होते, लाखोंनी एकदम तळ्यातून वर येतात. चावत नाहीत, पण तुमची बोट त्यातून गेली तर तोंड बंद ठेवा.

बेटावर उतरल्यावर पहिलं म्हणजे चप्पल-हात निर्जंतुक करायचं आणि तब्येतीची विचारपूस. हे नाटक नाहीये. आपला साधा सर्दी-खोकला त्यांना जड जाऊ शकतो, माणसाच्या आणि त्यांच्या जनुकांत जेमतेम एक-दीड टक्क्याचा फरक, त्यामुळे आपले आजार त्यांना आरामात लागतात. सर्दी असेल तर खरं सांगा आणि जाऊ नका, सरळ तारीख बदला. आणि एक, त्यांना हात लावणं, कडेवर घेऊन फोटो वगैरे काहीही नाही. कोणी दुसरीकडे कुठे असं करून देत असेल तर तिथे जाऊच नका, कारण ते कडेवरचं गोंडस पिल्लू मिळवायला कुठेतरी त्याच्या आईला मारलेलं असतं, चिंपांझीण जिवंतपणी पिल्लू सोडत नाही.

२:३० चं जेवण. कुंपणाच्या अलीकडे लाकडी उंच चौथरा आहे तिथे उभं राहायचं. आधी काहीच नाही, नुसतं जंगल. मग आतून कुठूनतरी हू... हू... हू असं हळू सुरू होतं, दुसरा त्यात मिसळतो, तिसरा, आणि एकदम एवढा गलका की छातीत धडधडतं. मग ते झाडीतून बाहेर येतात, काही चालत, काही दोन पायांवर हात वर करून, एक म्हातारी मागून सावकाश, जशी पंगत बसल्यावर येणारी आजी. सांभाळणारी मंडळी कुंपणावरून फळं फेकतात, पपई, अननस, रताळी, गाजर, आणि फणस! फणसाला तिथे फेने म्हणतात. एकाने गरा काढून आठळी बाजूला थुंकली आणि आई एकदम म्हणाली, "अगो बाय, ह्याला खाता येतो की!" आमची राजापूरची माकडं नासधूस करतात, हा व्यवस्थित खात होता, हा मुद्दा तिला एकदम पटला.

नुसतं फेकणं नसतं ते. प्रत्येकाला नावाने ओळखतात, कोणाला मिळालं नाही ते बघून त्याच्याकडे नेमका तुकडा टाकतात. काही जण हात वर करून मागतात, काही टाळ्या वाजवतात, आणि एक दांडगा नर मध्ये बसला होता, त्याच्यासमोरचं अननस कोणी उचलत नव्हतं. आई म्हणाली, "हा सरपंच." पूर्ण दिवस त्याचं नाव सरपंचच.

आपण विचार करतो एवढं जंगल आहे तर खायला का घालावं लागतं. तर १०० एकर पन्नास चिंपांझींना पुरत नाही, जंगलात असता तर एवढ्यांचा गट कितीतरी पट मोठ्या भागात हिंडला असता. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा खाणं, सगळं मुख्य भूमीवरून बोटीने येतं. तुमच्या तिकिटातून हेच चालतं. आणि म्हणूनच माद्यांना गर्भनिरोधक देतात, पिल्लं होऊ देत नाहीत, कारण जागा संपली तर उद्या पकडलेलं नवं पिल्लू ठेवायचं कुठे. आईने हे ऐकल्यावर विचारलं, मग परत जंगलात का सोडत नाहीत. मी भाषांतर केलं. तिथला मुलगा म्हणाला, जंगलात जिथे चिंपांझी आहेत तिथले ह्यांना घेणार नाहीत, मारतील, आणि जिथे नाहीत तिथे बहुतेक माणसं राहायला गेलीत. चिंपांझी ५०-५५ वर्षंही जगू शकतो. म्हणजे ह्यातले बरेचसे इथेच म्हातारे होणार. आई बराच वेळ गप्प होती.

दुपारच्या बोटीने दिवसाचे लोक गेले आणि बेट एकदम शांत झालं. हाच भाग त्यांना बघायला मिळत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास चिंपांझी आपणहून झोपायच्या घराकडे येतात, आत गवत आणि टांगलेल्या झोळ्या असतात, आणि दारात प्रत्येकाला मगमधून पेज मिळते. हो, पेजच, पातळ गरम. तो मग दोन्ही हातांनी धरून पितात, बोटाने तळ पुसतात, आणि रिकामा मग परत देतात. एकाने दिला नाही, घेऊन मागे जाऊन बसला, सांभाळणारा त्याच्याशी अगदी आपण पोराला बोलतो तसं लुगांडा भाषेत बोलत राहिला आणि दोन मिनिटांनी मग परत मिळाला. काही जण येतच नाहीत, झाडावर फांद्या वाकवून स्वतःचं अंथरूण करतात.

ते किती हुशार असतात ह्याचा एक किस्सा मी जायच्या आधी वाचला होता. इथल्याच नताशा नावाच्या एका मादीचा, ती कुंपणावर फांद्या फेकून बघायची, ठिणगी उडाली तर मागे, नाही उडाली म्हणजे वीज नाही, की सरळ बाहेर. २०१२ मध्ये इथल्या आणि कॉंगोतल्या अशा १०६ चिंपांझींच्या चाचण्यांचा अभ्यास छापून आला त्यात ती सगळ्यांत वरचढ ठरली होती.

जेवण कॅम्पवरच मिळतं. व्हेज असाल तर आधी कळवा. आम्हाला मटोके म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, आणि त्यावर शेंगदाण्याचं गुलाबीसर कालवण, बिन्येब्वा. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली दाण्याची आमटीच की ही, फक्त मिरची विसरलेत. मग पर्समधून लसणीची चटणी निघाली (निघणारच) आणि तिथल्या स्वयंपाकीण बाईंनी पण चाखली. सगळे आईला जज्जा म्हणत होते, जज्जा म्हणजे आजी. आईला वाटलं ते आज्जीच म्हणतायत आणि ह्यांना मराठी येतं. आम्ही गैरसमज दूर केला नाही. मासे खाणाऱ्यांनी तळ्यातला तिलापिया जरूर खा, तिथे न्गेगे म्हणतात.

टेंट चांगले आहेत, वीज सोलरची, त्यामुळे फोन दुपारीच चार्ज करून घ्या, आणि ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. रात्री फळखाऊ वटवाघळं, बेडूक, आणि मध्येच झोपायच्या घरातून कोणीतरी ओरडतं, मग सगळेच ओरडतात, मग शांत. पहिल्यांदा मी ताडकन उठून बसले. आई म्हणाली, "झोप, सरपंचाला स्वप्न पडलं असेल."

सकाळी लवकर उठा. काठावर कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो, मत्स्यगरुड ओरडत असतो, सुगरणीच्या जातीचे पिवळे पक्षी घरटी विणत असतात, घोरपडीसारखे मोठे सरडे आरामात फिरतात. पाण्यात मात्र उतरू नका, बिलहार्झिया नावाचा रोग त्या तळ्यात आहे, कातडीतून शिरतो. २०२० मध्ये तळ्याचं पाणी विक्रमी चढलं होतं तेव्हा काठाचं बरंच नुकसान झालं म्हणे.

बाकी बारीकसारीक. पाऊस मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर, जून-ऑगस्ट किंवा डिसेंबर-फेब्रुवारी बरं. परतीची बोट सकाळचीच घ्या, दुपारी वारा सुटतो आणि लाटा चांगल्या आपटतात, नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं त्या स्पीडबोटीत. उलटीची गोळी आधी. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत. टोपी, पूर्ण बाह्या. गुडघे दुखणाऱ्यांना बोटीत चढता-उतरताना हात लागतो, तेवढं सोडलं तर आईला कुठे काही अडलं नाही. आणि जंगलातले मोकळे चिंपांझी बघायचेत तर ते इथे नाही, त्यासाठी किबालेच्या जंगलात जा, कंपालाहून पाच-सहा तासांचा रस्ता, परमिट आधी काढावं लागतं, चालणं भरपूर, वृद्धांना झेपणार नाही.

मुंबईत उतरल्यावर पिवळं कार्ड सगळ्यात आधी बघतात, ते चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. आमचं टाकलं होतं. अर्धा तास काउंटरसमोर उभं, नवरा बॅगेसाठी विनवण्या करतोय, आणि आई शेजारच्या अनोळखी बाईंना सांगतेय, "माकडं नव्हेत हो ती, शेपूटच नसते त्यांना."