मागं डिस्क टाकली आणि चाक सुटेना

खानापूरकडच्या एका काकांची जुनी जीप, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकला ऑइल ढकलणारा पंप) पायाखाली फ्लोअरच्या खाली असतो ना तसली. पुढं डिस्क ब्रेक आधीच होता, मागं ड्रम. पावसाळ्यात ओढ्यातनं काढली की ड्रममध्ये तांबडा चिखल जाऊन शूचं लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) खलास आणि पुढचे दोन-चार ब्रेक नुसते घसरायचे, मागं नातवंडं बसलेली असतात म्हणून काका म्हणाले, ‘एकदाचं मागं पण डिस्क टाक बाबा.’

उद्यमबागेतनं १० एमएम प्लेटचे ब्रॅकेट कापून आणले, हँडब्रेक जाऊ नये म्हणून लिव्हरवाले कॅलिपर (पॅडनं डिस्क चिमटीत धरणारे) घेतले, लाईनीतली एअर काढली, पेडल एकदम कडक. मी खूश.

ट्रायलला जांबोटी रोडला निघालो, किणये गेलं आणि गाडी जड झाली, न्यूट्रल केलं की लगेच थांबायची. जळका वास. उतरून बघतोय तर पावसाचे थेंब मागच्या डिस्कवर चर्र करून उडालेत. जॅक लावला, चाक हलेना. हँडब्रेकची केबल सोडली तरी तेच. ब्लीडर (एअर काढायचा स्क्रू) जरा सैल केला, ऑइलची बारकी पिचकारी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे प्रेशर अडकलंय. परत पेडल दाबलं, परत जाम. आता मास्टरवरच्या मागच्या लाईनीचा नट सैल केला, दोन्ही चाकं सुटली. म्हणजे होज पाइप बरे, भानगड मास्टरमध्ये.

ड्रमच्या मास्टरमध्ये मागच्या पोर्टला बारका व्हॉल्व्ह असतो, लाईनीत सुमारे १० पीएसआय प्रेशर धरून ठेवतो. ड्रमला चालतं, शूला जोरदार स्प्रिंग असते. कॅलिपरला स्प्रिंग कुठली, पिस्टन सील ओढेल तेवढाच केसभर मागं जातो, मग तेवढं प्रेशर पॅड चिकटवून ठेवायला पुरे. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, घाटात ऑइल उकळलं असतं तर पेडल खाली गेलं असतं.

व्हॉल्व्ह काढला. तर सकाळी पहिलं पेडल पोकळ, कारण मास्टर कॅलिपरच्या खाली, रात्रभरात ऑइल मागं उतरतंय. म्हणून लाईनीत २ पीएसआयचा व्हॉल्व्ह टाकला, आणि मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून मागचं प्रेशर कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह पण.

परवा भर पावसात कणकुंबीपर्यंत जाऊन आलो. उतरून मागच्या चाकाजवळ हात नेला, पुढच्याएवढंच कोमट. काकांनी ओढ्यातनं काढून लगेच ब्रेक दाबला, गाडी जागेवर उभी. म्हणाले, ‘आता पोरांना घेऊन जातो बघ.’