आम्ही तिघं, आयरिशमध्ये

डब्लिनमधल्या संध्याकाळच्या आयरिश क्लासला आज माणसं मोजली. वस्तूंसाठी त्री म्हणजे तीन, पण माणसं तीन असली की 'त्रूर'. दोघं 'बेर्ट', चौघं 'क्याहरर', पाचजण 'कूगर'. बाकीचे वैतागले, मी मात्र खूश. तिघांना तीन म्हणायचं नाही, हे आपल्याला आईच्या ओट्यापासून ठाऊक! शिवाय त्यांना दोघे-दोघी असला भेदही नाही.

गंमत पुढे. आपण चौघांवर थांबतो, मग पाचजण, सहाजण. हे थेट दहापर्यंत जातात, 'देह्नूर'. अकराला साखळी तुटते, पण बाराला पुन्हा वेगळा शब्द! का, ते विचारायचं राहिलंच.

घरी येऊन लेकीला विचारलं, आपण घरात किती? म्हणाली, "थ्री." आता दोन्हीकडून शिकवणी लावावी लागणार.