कुणाची हवा आहे तिकडे?

गेल्या वर्षी, म्हणजे 3 मे 2025 ला, मी ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा मतदान केलं. आदल्या रात्री बाबांचा फोन. "काय गं, कुणाची हवा आहे तिकडे?"

मला सांगता येईना. वांगरट्टा हे आमचं गाव मेलबर्नपासून ट्रेनने अडीच-तीन तासांवर, वस्ती वीस-एक हजार. इथले लोक त्याला नुसतं 'वँग' म्हणतात. पाच वर्षं इथे राहूनही शेजारच्या आजी कुणाला मत देतात याचा मला पत्ता नाही. पाऊस, गुरांचे भाव, फुटबॉल यावर तासभर बोलतील, पण मताचं नाव काढलं की "चहा घेणार?"

आमच्या मतदारसंघाचं नाव इंडाय. बाबांना ते फोनवर दोनदा 'इंडिया' ऐकू आलं. 1901 साली देशाच्या पहिल्या निवडणुकीपासून हा मतदारसंघ आहे आणि त्याची एक गंमत मला फार आवडते. 1928 साली इथले विद्यमान खासदार रॉबर्ट कुक उमेदवारी अर्जच भरायला विसरले! लेबर पक्षाचे (इथला डाव्या बाजूचा पक्ष) पॉल जोन्स बिनविरोध निवडून आले. मतदान सक्तीचं होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती आणि इंडायच्या लोकांना मतच द्यावं लागलं नाही.

सक्तीचं म्हणजे खरोखर सक्तीचं. 1922 साली देशात साठ टक्केसुद्धा मतदान झालं नव्हतं. 1924 मध्ये कायदा झाला आणि 1925 ला आकडा एकदम 91 टक्क्यांवर गेला. तेव्हापासून तो नव्वदीच्या आसपासच आहे. कारण नसताना गैरहजर राहिलात तर 20 डॉलर दंड. रक्कम किरकोळ, पण इथल्यांना तो दंड भरण्याचा भारी कंटाळा! पुण्यात 2019 ला निम्म्याच्या आसपास मतदान झालं तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर "सुजाण नागरिक बना"चे मेसेज फिरत होते. इथे तसं आवाहन करावंच लागत नाही, कारण सगळे येणारच असतात. मग पक्षांना आपली माणसं घरातून बाहेर काढायची चिंता उरत नाही, समोरच्याची माणसं वळवण्याची उरते.

इंडाय हा कित्येक दशकं लिबरल पक्षाचा बालेकिल्ला. (नाव लिबरल, पण इथला उजव्या बाजूचा पक्ष तो. मलाही सवय व्हायला वर्ष गेलं.) बालेकिल्ल्याचं दुखणं मात्र आपल्याकडचंच: एका पक्षाने जागा गृहीत धरलेली, दुसऱ्याने सोडून दिलेली. ट्रेन उशिरा, डोंगरात मोबाईलला रेंज नाही. 2012 च्या सुमारास काही लोकांनी घरोघरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून शेजाऱ्यांना विचारायला सुरुवात केली, तुम्हाला काय हवंय? त्यातून कॅथी मॅकगोवन 2013 ला अपक्ष उभ्या राहिल्या. देशभर लिबरल आघाडीची लाट होती, तरीही इथल्या लिबरल खासदार सोफी मिराबेला 439 मतांनी पडल्या.

खरी मजा मोजणीत होती. पहिल्या पसंतीची साधारण 45 टक्के मतं मिराबेलांना, मॅकगोवन यांना 31. आपल्याकडे गुलाल तिथेच उधळला असता. पण इथे मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना क्रमांक द्यावे लागतात. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. लेबर आणि ग्रीन्स या पक्षांची मतं मॅकगोवन यांच्या पारड्यात पडत गेली. 2019 पासून त्यांच्या जागी हेलन हेन्स आहेत, त्याही अपक्षच.

या अपक्षांचा रंग भगवा! म्हणजे इथे केशरी-नारिंगी म्हणतात. टी-शर्ट, पाट्या, कुत्र्यांचे रुमालसुद्धा. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर काकाचं लगेच उत्तर, "तिकडेपण आपलंच सरकार!"

मतदान शनिवारी, शाळेत. आपल्याकडे केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी, इथे फक्त सहा मीटर. त्यामुळे फाटकाजवळ सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून पत्रकं देत उभे. एकाला तहान लागली तर दुसऱ्याने आपली बाटली दिली. आत ओळखपत्र मागितलं नाही. नाव, पत्ता, "या निवडणुकीत आधी मत दिलंय का?" एवढंच. बाईंनी पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ मारली. पुठ्ठ्याचा आडोसा, शिसपेन्सिल आणि सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, मतपत्रिका इतकी रुंद, की चादरीसारखी घडी घालावी लागली. बाहेर शाळेच्या पालकांनी लावलेल्या स्टॉलवर ब्रेडमध्ये गुंडाळलेलं सॉसेज आणि कांदा. मी कांदा-ब्रेड घेतला.

"शाई दाखव," व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले. मी कोरं बोट दाखवलं. बाबांचा चेहरा पडला. "मग दिलंस कशावरून?"

हेन्स पुन्हा निवडून आल्या. पंधरा दिवसांनी शेजारच्या आजींकडे अंडी आणायला गेले. खुराड्याची पावसाळी बाजू त्यांनी प्रचाराच्या प्लास्टिक पाट्या ठोकून बंद केली होती. एक निळी, एक लाल, दोन नारिंगी. मी पाट्यांकडे बघत राहिले, तर म्हणाल्या, "चांगलं प्लास्टिक आहे. चहा घेणार?"