मामांच्या फोनवर माझा ब्लॉग उघडत नव्हता

२४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी ॲक्टचं, ऑनलाइन लिखाणासाठी शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण पालघरची केस डोक्यातून गेलीच नव्हती. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने नुसतं लाइक केलं, आणि पोलिसांनी दोघींना उचललं. लाइक केलं म्हणून अटक! पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. त्या कलमात 'त्रास', 'गैरसोय' असले शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आता कुणाला कशाचा त्रास होईल हे लिहिणाऱ्याने कसं ओळखायचं. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी कोर्टात गेली म्हणून ते कलम गेलं.

आणि बरोबर तीनच दिवसांनी, २७ मार्चला, ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, लोकांची मतं मागवणारा कन्सल्टेशन पेपर आला. व्हॉट्सॲप, स्काइप वगैरेंना लायसन्स लावायचं का, मोबाइल कंपन्यांना वेगवेगळ्या साइट्ससाठी वेगवेगळा दर लावू द्यायचा का, असे २० प्रश्न. तेव्हा बरेच जण म्हणायचे की ही डेटा पॅकची भानगड आहे, बोलण्याच्या हक्काशी हिचा काय संबंध. मला संबंध कळला तो मामांमुळे.

मी तेव्हा ब्लॉगवर आमच्या भागातल्या जुन्या बारवांबद्दल लिहायचो. एक बारव मामांनीच दाखवली होती, झाडीत पार बुजलेली, तिच्यावर लिहिलं आणि मोठ्या हौसेने त्यांना लिंक पाठवली. आठवडाभर काहीच नाही. मग फोन केला तर म्हणाले, "अरे तुझं पान उघडायला गेलो की पैसे कापू का विचारतोय फोन, म्हणून बंद केलं." त्यांच्या सिमवर ठरावीक चार-पाच साइट्स फुकट होत्या, बाकी सगळ्याला बॅलन्स लागायचा. माझ्यावर कुणी बंदी घातली नव्हती, पोलीस आले नव्हते, पण ज्याने ती बारव दाखवली त्याच्यापर्यंत माझं लिखाण पोचलं नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी फेसबुकच्या फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीक साइट्स फुकट देणाऱ्या योजनेच्या, पानभर जाहिराती पेपरात यायला लागल्या. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं फुकट मिळालं तर वाईट काय, असं मला चांगल्या चांगल्या लोकांनी विचारलंय आणि तो प्रश्न खोटा नाही, मामांकडे खरंच पैसे नव्हते. पण मग फुकट द्यायचाच तर थोडा डेटा द्या ना, शंभर एमबी द्या, त्यात मामा बारव बघतील नाहीतर बाजारभाव, ते त्यांचं ते ठरवतील. काय बघायचं ते कंपनीने ठरवायचं आणि तिच्या यादीत नसलेल्या मराठी ब्लॉगने, छोट्या पोर्टलने, गावातल्या पत्रकाराने बाहेर उभं राहायचं, हे मला आजही पटत नाही.

मी ट्रायला ईमेल केला होता. २०१५ च्या त्या पेपरवर दहा लाखांच्या वर ईमेल गेले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियमच काढला, कुठली साइट बघताय यावरून डेटाचा दर बदलायचा नाही, मोडला तर रोजचा ५० हजार दंड, जास्तीत जास्त ५० लाख. २०१८ मध्ये स्पीड कमी करण्यावर, साइट अडवण्यावरही मोबाइल कंपन्यांच्या लायसन्सच्या अटींतूनच बंदी आली.

हे आता परत लिहितोय कारण गेल्या काही वर्षांपासून मोबाइल कंपन्यांची संघटना म्हणतेय की जास्त ट्रॅफिकवाल्या मोठ्या ॲप्सनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. वरवर वाटतं की दोन श्रीमंतांचं भांडण आहे, आपल्याला काय. पण एकदा का पैसे देणाऱ्याचा ट्रॅफिक वेगळा मोजायला लागले की न देणाऱ्याचं काय करणार? मोठी ॲप्स पैसे भरतील, मी कुठून भरू? ट्रायने परत मतं मागवली तर मी परत ईमेल करणार आहे, आणि या वेळी मामांनाही त्यांच्या नावाने करायला लावणार आहे.