रोटालावर पडलेला केवडा

पुण्याच्या एका हौशी माणसाकडून माझ्या माशांच्या टाकीत लावायच्या पाणवनस्पतींच्या काड्या कुरिअरने आल्या. ओल्या वर्तमानपत्राची घडी उघडली, तर आत डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखा रंग. रोटाला रोटुंडिफोलियाच्या २०, लुडविगिया सुपर रेडच्या १० आणि रोटाला मॅक्रान्ड्राच्या ७. दिवाळी नुकतीच झाली होती. टाकी तीन फुटी. माती-दगड वजा जाता शंभर लीटर पाणी मावतं. लांब चिमट्याने एकेक काडी लावता लावता रात्रीचे साडेअकरा वाजले.

तीन आठवड्यांत सगळा रंग उतरला. रोटाला फिकट हिरवी झाली, शेंडे आखडले. मॅक्रान्ड्राच्या चार काड्या बुडापासून काळ्या पडून वर तरंगायला लागल्या. मला वाटलं, उजेड कमी पडतोय. म्हणून दुसरा एलईडी आणून लावला आणि दिवे दहा दहा तास चालू ठेवले. काड्या काही लाल झाल्या नाहीत, पण पानांवर आणि फिल्टरच्या नळीवर केसाळ शेवाळ मात्र जोमाने आलं. झाड जेवत नसताना उजेड वाढवला, तर तो शेवाळाच्या कामी येतो, हे तेव्हा कळत नव्हतं.

डिसेंबरात मामा आले. अंबड तालुक्यात त्यांची मोसंबी आहे. आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून बाग ताणावर सोडलेली, म्हणजे तिचं पाणी तोडलेलं, म्हणून त्यांना जरा सवड होती. चहाचा कप हातात घेऊन ते टाकीसमोर बसले, चष्मा लावला आणि काचेला नाक लागेल इतके वाकले.

“काय घालू राहिली गं माय याला?”

मी खताची बाटली दाखवली.

“याच्यावर केवडा पडलाय,” मामा म्हणाले. “शेंड्याचं पान बघ. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. आमच्या मोसंबीला असाच पडतो, उसालाही पडतो. खालची पानं आधी पिवळी झाली असती तर मी नत्र कमी म्हटलं असतं. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोहाचं तसं नसतं, ते एकदा बसलं की हलत नाही. नव्या पानाला ते रोज नवंच लागतं. पाणी कुठलं?”

“बोअरचं.”

“मग झालं तर.”

नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, त्यामुळे टाकीत बोअरचंच पाणी होतं. बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, ते पाणी. मोजलं तेव्हा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ९४०, कार्बोनेट कठीणपणा १७ अंश आणि सामू (पीएच) ७.८ निघाला. मामांच्या चुनखडीच्या रानात जे होतं तेच माझ्या काचेच्या पेटीत होत होतं. लोह मी घालत होते, पण ते झाडापर्यंत पोचत नव्हतं. बाटलीवर बारीक अक्षरात ‘ईडीटीए’ लिहिलं होतं. हे चिलेट, म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन. यातलं लोह साधारण साडेसहाच्या पुढच्या सामूला टिकत नाही, ते सुटतं आणि गंज होऊन तळाला बसतं. डीटीपीए साडेसातपर्यंत धरून ठेवतं, ईडीडीएचए त्याच्याही पुढे.

पुढच्या खेपेला मामांनी बागेतलं ईडीडीएचए कागदाच्या पुडीत आणलं. काळपट तांबडे, चहापत्तीएवढे दाणे. चिमूटभर विरघळवून घातले आणि टाकीतलं पाणी गुलाबी झालं. मासे त्या गुलाबी पाण्यातून फिरत होते आणि मी घाबरून मामांना फोन लावला. दोन दिवसांनी रंग निवळला. दहाव्या दिवशी रोटालाची नवी पानं भरीव हिरवी आली. लाल नव्हती, पण त्या हिरव्याचाही मला फार आनंद झाला.

खरा इलाज पाण्याचाच करायचा होता. आरओचं पाणी मऊ असतं, पण मशीन निम्म्याहून जास्त पाणी बाहेर टाकतं. ज्या भागाने २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी पाहिलंय, तिथे शोभेच्या टाकीसाठी बादल्या वाया घालवणं मला पटेना. त्या उन्हाळ्यापुरता आरओ वापरला आणि वाया जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसली. जूनमध्ये गच्चीच्या पन्हाळाखाली ५०० लीटरची टाकी ठेवली. पहिले दोन पाऊस सोडून दिले, कारण त्यात गच्चीची धूळ येते. नंतरच्या पाण्याचा टीडीएस २० भरला. तीन भाग पावसाचं आणि एक भाग बोअरचं पाणी मिसळलं की टीडीएस अडीचशेच्या आसपास येतो, कार्बोनेट ४ अंश. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलते. परतीच्या पावसात पन्हाळाखालची टाकी काठोकाठ भरली, तर फेब्रुवारीपर्यंत पुरते. काढलेलं पाणी जास्वंदीला जातं. तिलाही ते मानवलंय.

मग झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड. सिलिंडर, रेग्युलेटर आणि वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्युझर. टाकीत काचेची कुपी अडकवली आहे, तिला ड्रॉप चेकर म्हणतात. आतलं द्रावण निळं असेल तर वायू कमी, हिरवं असेल तर साधारण ३० पीपीएम (दहा लाखांत तीस भाग) म्हणजे बेताचा, पिवळं झालं तर माशांच्या जिवावर बेततं. एका पहाटे ते पिवळं होतं. रात्री बंद व्हायला हवा होता तो व्हॉल्व्ह अडकला होता आणि मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. दोन निऑन टेट्रा गेले. तेव्हापासून झोपायच्या आधी मी बुडबुडे थांबलेत का हे डोळ्यांनी पाहते, टायमरवर विसंबत नाही. दिवे आता सात तासच.

पाणी मऊ झालं आणि वायू मिळायला लागला, तेव्हा दुपारचा सामू ६.६ वर आला. आता साधं डीटीपीए पुरतं. लुडविगिया एवढ्यावरच लाल झाली, तिला आणखी काही लागलं नाही. रोटाला मात्र नारिंगी-हिरवीच राहिली.

खत मी कृषी सेवा केंद्रातून आणते. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. ठिबकमधून सोडायची हीच विद्राव्य खतं. किलोची पिशवी वर्षानुवर्षं पुरते, फक्त हवाबंद डब्यात ठेवायची. एकोणीस-एकोणीस-एकोणीस मात्र टाकीजवळ आणू नका, त्यात युरिया आणि अमोनिया असतो आणि मासे मरतात. शंभर लीटरला एक ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस घातलं की नायट्रेट सहा पीपीएमने वाढतं. मी ते दिवसाआड घालत होते. मामांना सांगितलं तर म्हणाले, “बहार धरायचा तर ताण द्यावा लागतो. भरल्या पोटी झाड फुलत नाही, नुसतं पालवतं.”

रोटालाच्या बाबतीत हे तंतोतंत खरं निघालं. नत्र कमी पडलं की तिची वाढ मंदावते आणि भरपूर उजेडात पानात अँथोसायनिन साचतं. तोच तो लाल रंग. मी तेरा-शून्य-पंचेचाळीस आठवड्यातून एकदाच, एक ग्रॅमवर आणलं; स्फुरद आणि लोह तसंच ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात शेंडे तांबूस झाले, पाचव्यात पिकलेल्या करवंदाच्या देठाकडे असतो तसे लाल. मग मला मोह झाला आणि नत्र पूर्ण बंद केलं. खालची पानं गळाली, शेंडे ज्वारीच्या दाण्याएवढे झाले. मामा फोनवर रागावलेच. “ताण म्हणजे झाड वाळवणं नाही माय. पान गळायला लागलं की ताण तोडायचा.” परत एक ग्रॅम सुरू केलं, पंधरा दिवसांत सावरली.

एप्रिल-मे अजूनही कठीण जातात. बाहेर ४२, टाकीत ३२. पाण्यावर छोटा पंखा सोडला की आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन चांगलं होतं आणि दोन-तीन अंश उतरतात. पण उडालेलं पाणी बोअरच्या पाण्याने भरून काढू नये. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि महिन्याभरात कठीणपणा पुन्हा वर जातो. भर घालायची ती पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यानेच.

तुरीचे शेंडे खुडतात तसे मी दर तीन आठवड्यांनी रोटालाचे शेंडे खुडते. खालच्या बुडख्याला दोन-दोन फुटवे येतात आणि खुडलेला शेंडा पुढच्या ओळीत रोवला की झुडूप दाट होतं. मॅक्रान्ड्राच्या उरलेल्या तीन काड्यांना हात लावायचं धाडस वर्षभर झालं नव्हतं. परवा लावला. कात्रीने पेराच्या जरा वर कापलं. नखाएवढी, कडेला मुरड पडलेली पानं, पाठीमागून जास्वंदीच्या कळीसारखी लाल. शेंडे रोवले, दिवे लावले. दुपारी तीनच्या सुमाराला कापलेल्या टोकातून मोत्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. मामांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: “फुटवे कधी येतात ते कळव.”