वजनकाट्याचा कौल

सकाळी वजनकाट्यावर चढण्याआधी मी चष्मा काढून ठेवतो. चष्म्याचं वजन असून असून किती, वीस-पंचवीस ग्रॅम. माझ्या काट्याला शंभर ग्रॅमच्या खालचं काही कळतच नाही. तरी काढतो. मग चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही म्हणून खाली वाकून चाचपडत तो डोळ्यांवर चढवतो, तोवर आकडा विझलेला असतो. पुन्हा पहिल्यापासून.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या दिवशी मी बरा माणूस आहे की वाईट, याचा कौल घ्यायला. आकडा उतरला असेल तर दिवसभर लोकांशी गोड बोलतो. चढला असेल तर आरशाकडे बघत नाही. आता अर्धा लिटर पाणी प्यायलं तर काटा अर्धा किलो वर जाणार, हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणजे माझी लायकी दोन ग्लास पाण्याने बुडू शकते.

खाण्याबद्दल बोलताना आपण शब्दही कुठले वापरतो बघा. मोह झाला. पाप केलं. संयम सुटला. उद्या प्रायश्चित्त म्हणून काही खाणार नाही. अध्यात्मातलं जवळजवळ सगळं सामान आपण ताटाभोवती आणून मांडलंय. फक्त क्षमा तेवढी आणायची राहिली. अन्नाला नावं ठेवू नयेत हे लहानपणी डोक्यावर बसून शिकवलं जातं. खाणाऱ्याला ठेवू नयेत, हे कुणी शिकवत नाही. उलट ‘तब्येत सुधारली हं!’ असं हसत म्हणायची खास सोय भाषेनेच करून ठेवली आहे.

रात्रीचा माझा एक कार्यक्रम असतो. सगळे झोपले की फ्रीज उघडायचा, डब्यातल्या केकची वाकडी कापली गेलेली कड सुरीने सरळ करायची आणि ती कातरण तोंडात टाकायची. मग दुसरी बाजू तिरकी दिसायला लागते. ती सरळ करायची. असं भूमितीच्या नावाखाली अख्खा तुकडा संपतो. हे सगळं उभ्याने, फ्रीजच्या उजेडात, कारण उभ्याने खाल्लेलं मोजायचं नाही असा माझा नियम आहे. परवा सुरी हातात असतानाच लक्षात आलं, की चव काय आहे ते मला सांगता येणार नाही. पोटात भूकही नव्हती. दुपारी चारचौघांत माझं बोलणं एकाने मधेच तोडलं होतं आणि मी हसून गप्प बसलो होतो. ते वाक्य तेव्हा गिळलं, आणि रात्री त्यावर केक.

यावर लोक म्हणतील, मनाचा कमकुवतपणा. मीही तेच म्हणायचो. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. 1944च्या नोव्हेंबरमध्ये तो सुरू झाला. उपासमारीचा शरीर-मनावर काय परिणाम होतो ते बघण्यासाठी 36 तरुण आपणहून पुढे आले. कसले तरुण, तर तत्त्वासाठी युद्धात शस्त्र घ्यायला नकार देणारे. निग्रहात कुणाला हार जाणारे नव्हेत. 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. ही धट्टीकट्टी, तत्त्वनिष्ठ माणसं हळूहळू पाककृतींची पुस्तकं घेऊन बसायला लागली, ताटं चाटायला लागली, जेवणाची स्वप्नं बघायला लागली. काहींनी चोरून खाल्लं आणि मग त्याचा अपराधीपणा उरात घेऊन फिरले. जगाच्या दडपणापुढे न झुकलेली माणसं, आणि पोटापुढे ही गत! ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण मी आजवर खादाडांची ढाल समजत होतो. ती साधी वस्तुस्थिती निघाली.

गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, की योग फार खाणाऱ्याला साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. आपण मात्र निम्म्यावरच थांबतो. फार खाऊ नका, एवढंच दुसऱ्याला ऐकवतो.

पण मला जास्त भिडते ती गौतमाची कथा. उग्र तपाने देहाचा सापळा झाल्यावर त्याला कळलं, की या वाटेने काही हाती लागणार नाही. त्याने पुढे आलेलं अन्न घेतलं आणि तो जेवला. सोबतच्या पाच तपस्व्यांनी ते पाहिलं आणि ठरवलं, हा घसरला. आणि ते त्याला सोडून निघून गेले. बोध त्याला त्यानंतर झाला. एका माणसाच्या घासावरून त्याची पातळी मोजणारे हे पाच जण मला फार ओळखीचे वाटतात. माझ्या डोक्यात ते कायम मुक्कामाला आहेत. मी ताटावर बसलो की तेही बसतात आणि घास मोजतात. बुद्धाने पहिला उपदेश केला तो याच पाच जणांना, हे विशेष. रागावला नाही, हाकलून दिलं नाही. शेजारी बसवून घेतलं.

तेवढं मला जमणार नाही. पण काल रात्री फ्रीज उघडला तेव्हा डबा बाहेर काढला, बशी घेतली, दिवा लावला आणि खुर्ची ओढून बसलो. एक श्वास घेतला. पाचांनी घसे खाकरले. त्यांनाही म्हटलं, बसा. केक जरा जास्तच गोड होता, हे मला दोन दिवसांत पहिल्यांदा कळलं. तरी संपवला. कड वगैरे सरळ केली नाही.

आज सकाळी काट्यावर चष्मा घालूनच उभा राहिलो. तीनशे ग्रॅम जास्त. त्यातले पंचवीस चष्म्याचे.